डिसेंबरातली तपकिरी बदकं

दुर्बीण डोळ्याला लावली की पक्षी जवळ दिसतो, अशी माझी समजूत होती. पुण्यातल्या पाषाण तलावाच्या बांधावर कळलं की आधी तो गायब होतो. नुसत्या डोळ्यांना ठळक दिसणाऱ्या बदकाच्या जागी दुर्बिणीत जलपर्णी, पाणी, कुणाच्या तरी फ्लॅटची बाल्कनी आणि पुन्हा जलपर्णी. पक्षिनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या अनुभवी काकांना विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "त्या काठीच्या डावीकडे." काठ्या तिथे सगळीकडेच होत्या! शेवटी त्यांनीच युक्ती सांगितली: पक्ष्यावरची नजर हलवायची नाही, दुर्बीणच डोळ्यांपर्यंत आणायची.

ब्रिटिशांच्या काळात रामनदी अडवून केलेला हा तलाव. बायपासवरचे ट्रक ऐकू येतात, तरी थंडीत इथे पार युरोप-सायबेरियाकडची बदकं उतरतात. सुरुवात सोपी झाली. हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. वारकरी त्याहून सोपा: अंग काळं, कपाळ पांढरं, आणि उडायचं झालं की आधी पाण्यावरून धावत सुटतो. मला वाटलं, जमतंय की!

मग पाहुणी बदकं दिसली. सगळी तपकिरी. त्यांतल्या गार्गनी बदकाच्या नराला पुस्तकात डोळ्यावर पांढरीशुभ्र रुंद पट्टी. समोर तसं एकही नाही. "नर आलेच नाहीत का?" काका हसले. "आलेत गं. पुस्तक म्हणजे लग्नाचा अल्बम. विणीचा हंगाम संपला की नर भरजरी पिसं टाकतात. उडायची पिसंही एकदम गळतात, काही आठवडे उडताच येत नाही. तेव्हा मादीसारखं मळकट राहून लपलेलंच बरं. नवा साज चढायला गार्गनीला अर्धा हिवाळा जातो. रंग सोड, चोच बघ."

चोच बघितली आणि थापट्या सापडला. टोकाकडे पसरट होत गेलेली चोच, तिच्या कडांना बारीक दात्यांची गाळणी. पाचसहा जण पाण्यात चोची बुडवून गोल गोल फिरत होते. पुढच्याने ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेत होता. हे पुस्तकातल्या चित्रात कुठून दिसणार?

तेवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत उडत गेला आणि सगळा थवा उठला. "पंख बघ! गार्गनीच्या नराच्या पंखाची पुढची बाजू निळसर राखाडी, ती डिसेंबरातही लपत नाही!" काका ओरडले. मला दिसली त्यांची टोपी.

वहीत 'तपकिरी बदकं, बरीच' असं लिहिलं. मला वाटलं, काका खोडतील. ते म्हणाले, "राहू दे. ओळख पटली नाही तर नाव ठोकून द्यायचं नाही. फेब्रुवारीअखेर ये, पट्टी उमटलेली असेल." येणार आहेच, पण तोवर मी चोचीच बघणार.