कटाची आमटी

माझ्या डाव्या हातात जातं फिरतं. हे मी म्हणत नाही, आमच्या ८२ वर्षांच्या सासूबाई म्हणतात. मनगटाच्या जरा वर, कातडीखाली, डॉक्टरांनी एक धमनी आणि एक शीर जोडून ठेवली आहे. त्याला फिस्टुला म्हणायचं. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर हळूहळू जाड होते आणि मग तिच्यात डायलिसिसच्या दोन जाड सुया आठवड्यातून तीनदा टोचून घेता येतात. बोट ठेवलं की आत थरथर लागते, कान लावला की घरघर ऐकू येते. सासूबाईंनी पहिल्यांदा कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या माहेरचं जातं." सहा वर्षांच्या नातीने ऐकलं आणि निकाल दिला, "आजी, फ्रीज."

सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी मी ती थरथर चाचपते. ती थांबली तर तडक दवाखाना गाठायचा, अशी ताकीद आहे. आता नातीने हे काम आपल्याकडे घेतलंय. शाळेची बस यायच्या आधी येते, कान लावते, "चालू आहे!" म्हणून ओरडते आणि पळते. या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही, भाजीची पिशवी नाही. काचेच्या बांगड्या सगळ्या उजव्या हातात. हळदीकुंकवाला एका बाईंनी विचारलं, "एकाच हातात हो कशा?" मी डावा हात त्यांच्या कानाला लावला. पुन्हा काही त्यांनी विचारलं नाही.

शीर जोडण्याची ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांची, १९६६ सालची. मीही ६६ चीच. मशीन त्याहून जुनं. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये १९४३ साली विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला सेलोफेनची नळी गुंडाळून ते बनवलं. ही नळी म्हणजे सॉसेजचं आवरण! सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले, १९४५ मध्ये एक बाई वाचली. हे सगळं ह्यांनी मला वाचून दाखवलं, मी मशीनला जोडलेली असताना. चार तास खुर्चीत बसून माणूस दुसरं काय करणार?

माझं भांडण मात्र मशीनशी कधीच नव्हतं. ते पाण्याशी होतं. मूत्रपिंडं थांबली की प्यालेलं पाणी अंगातच मुरतं. मला दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, ताक, वरण, गोळीबरोबरचा घोट. म्हणून सकाळी एका तांब्यात लिटरभर पाणी काढून ठेवते. चहा प्याले की तेवढंच पाणी तांब्यातून तुळशीला. तांब्या रिकामा झाला की माझा दिवस संपला, घड्याळात काही का वाजले असेनात. माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे मधला मोठा खंड येतो तो शनिवार-रविवारी. मुलगा, सून, नात सगळे घरी, भजी तळली जातायत, आणि मी जपून राहायचे दिवसही नेमके तेच. सोमवारी काट्यावर उभी राहिले की टेक्निशियन दादा आकडा बघून नुसता "काकू..." म्हणतो. तेवढ्यात रविवारची सगळी कबुली होते.

पोटॅशियमचं प्रकरण वेगळंच, तेही अंगातच साठतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. सासूबाईंना हे पटता पटेना. ज्या बाईने मला पस्तीस वर्षं भाजीचं पाणी कणकेत घालायला शिकवलं, तिच्यादेखत मी सगळं सत्त्व मोरीत ओतत होते. त्यात शेजारच्या वहिनींनी मायेने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आमच्यासारख्यांना ते विषच. वहिनींचा काय दोष? पुडीवर हृदयाचं चित्र होतं.

पहिल्या वर्षी माझ्याबरोबर घरानेही सगळं सोडलं. आंब्याची पेटी आली नाही. शहाळं बंद. मुलगा माठातलं पाणी पाठमोरा होऊन प्यायचा. होळीला पुरण झालं नाही, साधा वरणभात. पानावर बसलो आणि मला वाटलं, घरात सुतक आहे. कोणाचं? मी तर समोर बसलेय! रडू आलं नाही, संताप आला. धुळवडीला सकाळी उठून हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

तेव्हा एक गंमत लक्षात आली. कट म्हणजे काय, तर डाळ शिजल्यावर काढलेलं पाणी. पोटॅशियम बरंचसं उतरतं ते त्याच पाण्यात. म्हणजे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं ते पाणी नेमकं मला वर्ज्य, आणि निथळलेली डाळ त्यातल्या त्यात बरी. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, गूळ नको, साखरेचं पुरण, लहान पोळी, एकच. मग माझी एक साखरेची पोळी, बाकीच्यांच्या गुळाच्या. आमटी त्यांची, करणार मी. सुकं खोबरं खमंग भाजलं, काळा मसाला, चिंच, गूळ, वरून कढीपत्त्याची फोडणी. मीठ मी वासावर ओळखते असं सगळ्यांना सांगते, खरं म्हणजे चाखून सासूबाई बघतात. मुलाने माझ्यासमोर बसून तीन वाट्या आमटी भुरकली. त्यानंतर तो माझ्याकडे तोंड करून पाणी प्यायला लागला.

मग घर हळूहळू ताळ्यावर आलं. भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलो, तेव्हा ह्यांनी आधी तिथल्या डायलिसिसची वेळ पक्की केली, कावीळ-एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट पाठवले, मग लॉज बघितला. अक्षता पडल्या मंगळवारी, बुधवारी मी मशीनवर, हातावरच्या मेंदीसकट. दिवाळीत पहिल्या अंघोळीला आमच्याकडे पहाटे चारला बंब पेटतो, कारण पहिली शिफ्ट सहाची. गल्लीत पहिला फटाका आमचा असतो. आधी आठ वाजायचे.

मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत माझं नाव आहे. ह्यांचा फोन रात्री कधी सायलेंट नसतो. सुरुवातीला तो वाजला की मी दचकून बसायची. आता कूस बदलते. बहुतेक वेळा ह्यांचा कुठला तरी मित्र असतो.

उद्या होळी आहे, आणि उद्या माझा वार. डाळ आत्ताच शिजवून निथळत ठेवली, कट पातेल्यात झाकून फ्रीजमध्ये गेला. पुरण सूनबाई वाटेल. फोडणीला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं बजावून ठेवलंय. अकरापर्यंत मी घरी येते.