काचेपलीकडची पेस्ट्री

दिवाळी अंकासाठी पेस्ट्रीवर लिहा, असं संपादकबाईंनी सुचवलं तेव्हा मी आधी नकारच दिला होता. माझं सगळं शिक्षण तेल-चरबीच्या रसायनातलं आणि पुढची नोकरी बेकरी-तंत्र शिकवण्याची. पेस्ट्री म्हटलं की मला चव आठवण्याआधी वितळणबिंदू आठवतो. “तांत्रिक काही नको,” त्या म्हणाल्या, “मॉलमधल्या त्या गर्दीच्या दुकानात जाऊ, चार-पाच गोष्टी खाऊ, तुम्हाला काय जाणवतं ते लिहा.” म्हणून पुण्यातल्या एका मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकान वाईट नाही. स्वच्छ आहे, मुलं नम्र आहेत, माल ताजा असतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते त्या एका दुकानापुरतं नाहीच.

आम्ही क्रॉसाँ घेतला, पायनॅपल पेस्ट्री, डच ट्रफल, बेक न केलेला चीजकेक आणि कपातला रसमलाई केक. बाईंनी लगेच चमचा उचलला. मी त्यांना थांबवलं. काचेच्या थंड कपाटातून आलेली पेस्ट्री चार-पाच अंशांवर असते. त्या थंडाव्यात जीभ गोडी कमी ओळखते, वास तर जवळजवळ उठतच नाही. दहा मिनिटं बशीत राहू द्यावी, मधल्या वेळात साधं पाणी प्यावं, कॉफी शेवटी घ्यावी. एवढं केलं तरी निम्मा फरक कळतो.

क्रॉसाँ आधी खाल्ला, कारण त्यात लपवायला जागा नसते. काउंटरवर विचारतात, “गरम करून देऊ?” आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. तिथे तो चिवट होतो. ओव्हन असेल तर ओव्हनमध्ये मागावा, नाहीतर तसाच खावा. पिठात बटरची लादी ठेवून लाटायची, तिहेरी घडी घालायची, थंड करायची, पुन्हा लाटायची. अशा तीन घड्यांत बटरचे सत्तावीस थर होतात. बटर लाटण्याजोगं मऊ असतं ते साधारण १३ ते १८ अंशांत. त्याखाली ते तुटतं, त्यावर पिठात मुरतं आणि थर नाहीसे होतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये एसी नसलेल्या भटारखान्यात हे काम करून पाहा, म्हणजे पफसाठी वेगळं मार्गारिन का वापरतात ते कळेल. त्याचा वितळणबिंदू चाळिसाच्या वर असतो. थर सुरेख उभे राहतात, पण तोंडातलं तापमान सदतीस अंश. जे तोंडात वितळत नाही ते टाळूला चिकटून राहतं. त्या दिवशीचा क्रॉसाँ बटरचाच होता, आणि मला मनापासून आनंद झाला.

आता स्पंज. लोकांची एक समजूत मला फार त्रास देते : फ्रिजमध्ये ठेवलं की सगळंच ताजं राहतं. क्रीमच्या बाबतीत ते खरं आहे. स्पंजच्या बाबतीत नेमकं उलटं. भाजताना फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि ही क्रिया शून्य ते पाच अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने होते. म्हणजे ज्या कपाटात क्रीम सुरक्षित राहतं त्याच कपाटात स्पंज झपाट्याने शिळा होतो. पेस्ट्री या पदार्थातली मूळ अडचण हीच. बटर घालून केलेला केक तर तिथे वीट होतो, कारण बटरही गोठतं. म्हणून मॉलमधल्या पेस्ट्रीचा स्पंज तेलावर करतात, केक जेल घालून त्यात बारीक हवा धरून ठेवतात आणि वरून साखरेच्या पाकात भिजवतात. ‘किती सॉफ्ट आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा दाद मुख्यतः त्या पाकाला जाते. हे फसवणं नव्हे. थंड कपाटात दोन दिवस उभं राहायचं तर स्पंजला हे करावंच लागतं. पण मग त्याला स्वतःची चव फारशी उरत नाही, आणि चवीचं सगळं ओझं क्रीमवर येतं.

क्रीमवर आले की मला थांबवणं अवघड असतं, तरी लिहिते.

दुधाच्या क्रीममध्ये चरबी सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात असते. ते थंड करून फेटलं की गोळ्यांची आवरणं थोडी फाटतात, गोळे एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांचं जाळं तयार होतं. त्यासाठी चरबी तीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक हवी आणि क्रीम चांगलं गार हवं. आपल्या बाजारात वर्षानुवर्षं जे पाकिटातलं क्रीम मिळत आलं, त्यात चरबी पंचवीस टक्के. बर्फावर पातेलं ठेवून, दंड भरून येईपर्यंत ते फेटणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. ते उभं राहत नसे आणि त्या स्वतःला दोष देत. दोष त्यांच्या हाताचा नव्हता.

१९४५ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारं टॉपिंग बनवलं. आज आपल्याकडे पेस्ट्रीवर जे पांढरं, टोकदार, न ढळणारं ‘क्रीम’ दिसतं ते बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं असतं : हायड्रोजनीकरण केलेलं पाम कर्नल तेल, पाणी, साखर, इमल्सिफायर, स्टॅबिलायझर. ते उणे अठरा अंशांवर गोठलेलं येतं, फ्रिजमध्ये वितळवतात आणि फेटतात. दुधाचं क्रीम फेटल्यावर दुपटीच्या आसपास फुगतं, हे तिप्पट-चौपट. बिघडलं असं सहसा होत नाही. उकाड्यात, वीज गेलेली असताना, स्कूटरवरून वाढदिवसाच्या घरी जाईपर्यंत त्यावरचं गुलाबाचं फूल जागचं हलत नाही.

यावरून दोन टोकाची मतं मी रोज ऐकते. एक, ‘हे प्लास्टिक आहे’. दुसरं, ‘हलकं आहे, म्हणजे पचायला चांगलं’. दोन्ही चूक. प्लास्टिक म्हणणाऱ्यांनी याच्या आधीचे दिवस आठवावेत. तेव्हा वनस्पती तूप किंवा मार्गारिन पिठीसाखरेत घोटून आयसिंग करत, आणि ती कडक गुलाबी फुलं मुलंसुद्धा बशीच्या कडेला काढून ठेवत. त्यापुढे टॉपिंग ही मोठी सुधारणा होती. वनस्पती तुपात तेलाचं हायड्रोजनीकरण अर्धवट होत असे आणि त्यातून ट्रान्स फॅट तयार होत. हायड्रोजनीकरण पूर्ण केलं की ट्रान्स फॅट जवळजवळ उरत नाहीत, पण संतृप्त चरबी वाढते. अन्नसुरक्षा नियामक संस्था एफएसएसएआयने औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. हे आपल्या देशातलं खरोखर चांगलं काम आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. आणि पाम तेल वेगळं, पाम कर्नल तेल वेगळं. पहिलं फळाच्या गराचं, दुसरं बीचं. पहिल्यात संतृप्त चरबी निम्म्याच्या आसपास, दुसऱ्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास. वर्तमानपत्रांतले लेखसुद्धा दोन्ही एकच समजून लिहिले जातात.

‘हलकं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की हलकेपणा हवेचा आहे.

पांढऱ्या रंगावरून ओळखता येतं, असंही सांगणारे भेटतात. गाईच्या दुधाचं क्रीम कॅरोटीनमुळे पिवळसर असतं, पण म्हशीचं पांढरंशुभ्रच असतं. रंग सोडा. जीभ आणि टाळू यांमध्ये क्रीमचा थेंब दाबून धरा. दुधाच्या चरबीत अनेक प्रकारचे घटक असतात. काही फ्रिजमध्येच मऊ असतात, काही शरीराच्या तापमानाला जेमतेम वितळतात. म्हणून ते टप्प्याटप्प्याने विरघळतं आणि मागून दुधाचा वास येतो. पाम कर्नलची चरबी तिसाच्या पुढे गेली की एकदम कोसळते, क्षणभर थंड वाटतं, मग व्हॅनिलाचा इसेन्स आणि साखर. त्या दिवशीची पायनॅपल पेस्ट्री या दुसऱ्या जातीची होती. ट्रफलही तसाच. कोको बटरचे स्फटिक सहा रूपांत बनतात, त्यातलं पाचवं रूप ३३-३४ अंशांना वितळतं आणि चॉकलेट ज्यासाठी खावं ते तेच. टेम्परिंग करून, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन, ते रूप साधावं लागतं. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, टेम्परिंगची गरज नाही, काम सोपं, माल स्वस्त. ट्रफलवरचं ते चकचकीत आवरण कंपाउंडचं होतं. चीजकेक बरा होता, थोडा जास्त घट्ट. रसमलाई केकचा कप मात्र उत्तम. दुधात भिजल्यामुळे स्पंजची शिळवट तिथे लागतच नाही, आणि वेलची-केशराचा वास थंडीतही पोचतो. ज्याने कुणी तो थंड कपाटासाठी योजला त्याला पदार्थाची जाण आहे.

बाईंना मात्र पायनॅपल पेस्ट्रीच सगळ्यांत आवडली. मला याचं नवल वाटलं नाही. वर्गात मी दरवर्षी दोन कप ठेवत असे, एकात दुधाचं क्रीम, दुसऱ्यात टॉपिंग, नावं झाकलेली. बहुतेक मुलं टॉपिंग निवडत. दुधाच्या क्रीमला ‘वास येतो’, ‘तुपकट लागतं’ असं म्हणत. लहानपणापासूनच्या वाढदिवसांची चव तीच, मग तीच खरी वाटणार. त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे आणि आता चवीपुरता तरी तो वाद मी सोडून दिला आहे. ज्याला जे आवडतं ते त्याने खावं. पण काय खातो आहोत ते विचारलं तर खरं उत्तर मिळावं.

आम्ही निघत होतो तेव्हा काउंटरपाशी एक तरुण आई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन उभी होती. तिने विचारलं, “दादा, यात दूध आहे का? याला दुधाची ॲलर्जी आहे.” काउंटरवरचा मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “नाही मॅडम, नॉन-डेअरी क्रीम आहे. दूध अजिबात नाही.” तिने पायनॅपल पेस्ट्री सांगितली.

मी मध्ये पडले. अनेक टॉपिंगमध्ये सोडियम केसिनेट असतं. चरबीचे थेंब पाण्यात धरून ठेवण्याचं काम ते करतं, आणि ते दुधातूनच काढतात : दूध आंबट करून केसिन साकळवायचं आणि अल्कलीने विरघळवायचं. दुधातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के केसिन असतं आणि दुधाच्या ॲलर्जीत तेच मुख्य गुन्हेगारांपैकी एक. चरबी दुधाची नाही म्हणून माल ‘नॉन-डेअरी’. प्रथिन मात्र दुधाचं. शिवाय एगलेस स्पंजमध्ये अंड्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क किंवा दूध पावडर घालण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. भाजल्याने केसिन निरुपद्रवी होईल असा भरवसा धरता येत नाही. हे सगळं त्या आईला उभ्या उभ्या सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण मॅनेजर आला. त्याने सांगितलं, “मॅडम, सगळं प्युअर व्हेज आहे,” आणि हिरवा ठिपका दाखवला.

हिरवा ठिपका मांस, मासे, अंडं नाही एवढं सांगतो. दुधाबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि दूध न पचणं वेगळं, दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात लॅक्टोज ही साखर पचत नाही, पोट बिघडतं. दुसऱ्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा प्रथिनावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, श्वास अडकू शकतो, जीवही जाऊ शकतो. ‘थोडंसं खाल्लं तर काय होतं’ हे वाक्य नातेवाईक प्रेमाने बोलतात. आईने ते प्रत्येक समारंभात ऐकलेलं असतं. त्या आईने पेस्ट्री परत दिली, मुलगा रडला, आणि तिने माझे आभार मानले तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. त्या दुकानात त्या मुलाला देता येईल असं मी काही सुचवू शकले नाही.

काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला. ज्यांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत अशा खाद्यगृहांनी मेनूवर उष्मांक लिहावेत आणि ॲलर्जीची माहिती ग्राहकाला द्यावी, असं २०२०चे लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम सांगतात. उष्मांक या दुकानाच्या फलकावर होते, बारीक अक्षरांत. ॲलर्जीची माहिती मागितल्यावर मॅनेजरने मुख्य कार्यालयाचा ई-मेल पत्ता दिला.

मी पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं : माहिती प्रत्येक शाखेत फाइलमध्ये उपलब्ध आहे. मी आणखी दोन शाखांत जाऊन फाइल मागितली. एका ठिकाणी ती सापडली नाही, दुसऱ्या ठिकाणी सापडली ती जुन्या मेनूची, इंग्रजीत. टॉपिंगच्या खोक्यावरची घटकांची यादी मात्र मागच्या खोलीत, फ्रीझरमध्ये, ठळक छापलेली असते. कारखाना ते लिहून पाठवतो. स्वयंपाकघरात खोकं फाडलं की ती माहिती कचऱ्यात जाते, आणि काचेपलीकडे येते ती नुसती पेस्ट्री.

म्हणून दुसऱ्या पत्रासोबत मी एका कार्डाचा नमुना पाठवला आहे. कपाटात प्रत्येक ट्रेपुढे नाव आणि किमतीचं कार्ड असतंच. त्याच कार्डाच्या खालच्या ओळीत, मराठीत, जे असेल ते लिहायचं : दूध, अंडं, गहू, सोया, सुकामेवा. खर्च शाईचा. आणि काउंटरवरच्या मुलांना शिकवायचं, की कार्डावर नसेल ते अंदाजाने सांगू नका, आत जाऊन खोकं बघा. त्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. दिवाळीच्या गर्दीत येणारही नाही. नाताळच्या केकच्या कार्डांची छपाई सुरू होण्याआधी मी तिसरं पाठवणार आहे.