गाव सांग

आमच्या घरी रोज रात्री जेवणापूर्वी उपासना होत असे. आजोबा मिशनचे प्रचारक, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यामुळे या नेमात खंड पडत नसे. चटई अंथरायची, पेटीवर एखादं गीत व्हायचं, वडील पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचे आणि मग प्रार्थना. बेळगावात दाराबाहेर कानडी, घरात मराठी, आणि देवाशीही मराठीच.

कुठं पूर, दुष्काळ, भूकंप झाला असेल तर तिथल्या माणसांसाठी मागणं मागायचं, हा या प्रार्थनेतला ठरलेला भाग. 'संकटात सापडलेल्यांना सांभाळ' एवढ्या मोघम बोलण्यावर आजी कुणाला सोडत नसे. ''गाव सांग,'' म्हणायची. ''देवाला ठाऊक आहे. तुला ठाऊक हवं.''

या हट्टाला कारण होतं. तिची आई, म्हणजे माझी पणजी, १८९९-१९०० सालच्या गुजरातेतल्या दुष्काळात सापडलेली पोर. आईबाप भुकेनं गेले. पंडिता रमाबाईंच्या माणसांबरोबर ती केडगावच्या मुक्तिसदनात आली तेव्हा सहा-सात वर्षांची होती. रमाबाईंनीही तरुणपणी आईवडील आणि बहीण दुष्काळातच गमावली होती. केडगावात पणजी मराठी शिकली, तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. आपलं गाव कोणतं, हे मात्र तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आमच्या घराण्याचं मूळ गाव असं हरवलेलं आहे.

लहानपणी शाळेत एकानं मला हिणवलं, ''तुम्ही दुष्काळात बाटलेले, भाकरीसाठी.'' मी चिडून घरी आलो. आजी भाकऱ्या थापत होती. ''भाकरीसाठीच,'' ती म्हणाली. ''त्यात लाजायचं काय? भाकरी देणारं कुणी आलं नसतं तर तू नसतास. आणि तिला उचलणाऱ्यानं आधी जात विचारली नव्हती, तेवढं लक्षात ठेव.''

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. त्या रात्री आत्यानं सहज विचारलं, ''तिकडं आपली मंडळी आहेत का कुणी?'' ऐंशी वर्षांची आजी अंथरुणातून म्हणाली, ''आधी ढिगाऱ्यातली माणसं मोज गं, मग मंडळी मोज.'' वडिलांनी डोळे मिटून नावं घेतली: किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी. 'आमेन' झाल्यावर आईनं ट्रंक उघडली. घरात चार चांगल्या चादरी होत्या, त्यांतल्या तीन सकाळी मदतीच्या टेम्पोत गेल्या. पाहुण्यांसाठी एक ठेवली, त्यावर आजी दोन दिवस कुरकुरत होती.

खरी अडचण २६ डिसेंबर २००४ ला आली. नाताळचा दुसरा दिवस, रविवार. त्सुनामीच्या लाटेनं वेळांकण्णीला यात्रेला आलेले भाविकही ओढून नेले. प्रार्थनेला गेलेल्यांनाच समुद्रानं नेलं, मग आपण मागायचं काय? मी वडिलांना तसं विचारलं. जन्मभर उपासना चालवलेला माणूस, पण शास्त्रातलं वचन पुढं करून त्यांनी मला गप्प केलं नाही. बराच वेळ ते स्वतःच गप्प राहिले. मग म्हणाले, ''मला माहीत नाही रे. चल, नावं घेऊ.'' आणि नागपट्टिणमपासून सुरुवात केली.

प्रार्थनेनं लाट थांबते असं मी कुणाला सांगणार नाही. पण ज्या गावाचं नाव रोज रात्री तोंडात येतं, त्याच्याकडं पाठ फिरवून जेवायला बसणं कठीण जातं. पणजीचं गाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. निदान दुसऱ्यांची गावं तशी हरवू नयेत, एवढं आपल्या हातात आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, मलप्रभा, घटप्रभा चढल्या आणि संकट आमच्याच जिल्ह्यात आलं. आजी नाही, वडीलही नाहीत. उपासना आता मी चालवतो. माझी सून कानडी घरातली, ती कानडीत प्रार्थना करते. त्या रात्री मी गोकाक, रामदुर्ग, चिक्कोडी, अथणी म्हटलं. तिच्या पाळीला तिनंही तीच नावं घेतली. ती समजायला कुणालाच भाषांतर लागलं नाही.