फूल खाली, फळ वर

मार्च-एप्रिलात नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत दिवस मोहाखालीच उजाडतो. रात्रभर टपटपलेली फुलं ऊन चढायच्या आत टोपल्यांत वेचली जातात. वेचणाऱ्यांत मुलंही असतात. त्यामुळे गोंदियात निसर्गफेरी काढणाऱ्याला मोह दाखवावा लागत नाही, त्याच्याविषयी विचारावं लागतं. सगळी फुलं तर घरी गेली; मग उन्हाळ्याच्या शेवटी त्याच झाडाला फळं धरतात ती कशी?

उत्तरं भराभर येतात. काही फुलं उंचावर राहत असतील. काही मुद्दाम सोडली असतील. जाणता शिक्षक इथे खुलासा करत नाही, प्रत्येकाच्या हातात एकेक फूल देतो.

फिक्कट पिवळं, रसानं फुगलेलं फूल नखानं उभं चिरलं की बोटं चिकट होतात. आत भिंतीला लागून पुंकेसरांची दाटी दिसते. पुस्तकातल्या आकृतीतला अंडाशय मात्र सापडत नाही. तळाशी नुसतं भोक! मग माना वर जातात. फांदीच्या टोकाशी तपकिरी निदलपुंज तसाच असतो आणि त्यातून दोऱ्यासारखा कुक्षीवृंत बाहेर लोंबत असतो. गळला तो पाकळ्यांचा पेला. फळ धरणारा भाग झाडावरच राहिला. आजीची टोपली भरली तरी तेलाच्या बिया का मिळतात, ते मुलांनी स्वतः शोधलेलं असतं.

इथून पुढचा प्रश्न मुलंच काढतात: रात्री मोहावर येणाऱ्या वटवाघळांचा यात हात किती? कळ्या असतानाच एका घोसावर मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा, शेजारचा घोस उघडा ठेवायचा आणि दोन्हींवर किती फळं धरतात ते मोजायचं. प्रयोगाला एवढं पुरतं.

मोजण्यातली शिस्त सारस शिकवतो. महाराष्ट्रातले बहुतेक सारस याच जिल्ह्यात आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांध्यांत घरटी करतात. ‘सेवा’ संस्थेच्या पुढाकारानं होणाऱ्या सारसगणनेत अनेक तलावांवर एकाच सकाळी माणसं बसतात. एकाच वेळी का? वैनगंगा ओलांडून बालाघाटकडे गेलेली जोडी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून. हे कारण मुलांना तलावाच्या काठावर बसवून शोधायला लावावं. वहीत जागा, तारीख, वेळ आणि संख्या लिहून घ्यावी. सारस दिसला नाही, तर शून्यही लिहावं. पुढच्या वर्षी त्याच तलावावर सारस उतरले, तर काय बदललं हे विचारायला तोच शून्य कामी येतो.