मोजणी

‘युनियन’ हा शब्द आमच्या घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. ज्या घरातले माणूस पाण्यात गेलेले असते तिथे विहिरीचा विषय टाळला जातो, तसा तो टाळला जाई. अण्णा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. दीड वर्ष वाट पाहून अण्णांनी खोली सोडली, भांडीकुंडी पोत्यात भरली आणि आम्ही पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. पुढे कितीतरी वर्षे कुणी ‘संप मिटला का?’ असे विचारले की अण्णा उठून गोठ्यात जात.

१९९५ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून मी दिल्लीला निघालो, तेव्हा पुणे स्टेशनवर झेलम एक्स्प्रेसच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. ‘‘शीक लेका. पर तितं युनियनच्या भानगडीत पडू नगंस.’’ मी शब्द दिला. तो देणे मला जड गेले नाही, कारण निवडणूक म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक होते? १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांबद्दल भीती पसरली होती. १९९४ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने तर त्या बंदच केल्या. वर्गात पहिला येणारा तोच वर्गप्रतिनिधी, असा नियम आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी असाच प्रतिनिधी झालो. माझ्या गुणपत्रिकेने मला निवडले होते, वर्गाने नव्हे. वर्षभरात मी स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या कागदावर सही करण्याचे एक काम केले. त्यावर आकडे कोणते होते, हे मी वाचलेही नव्हते.

दिल्लीला मी पाहिले ते वेगळेच होते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मेसच्या टेबलांवर पोळीभाजीच्या आधी पत्रके येऊन पडत. जेवण आटोपले की त्याच टेबलांवर चढून कुणी पॅलेस्टाइनवर बोले, कुणी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर. दोन्ही विषयांना सारखेच टोचून प्रश्न विचारले जात. भिंतीवरची चित्रे हाताने रंगवलेली. संघाकडे पैसा असा नव्हताच. पण नव्या विद्यार्थ्याला खोली मिळेपर्यंत आपल्या खोलीत जमिनीवर जागा देणे, शिष्यवृत्ती अडली तर कचेरीत जाऊन बसणे, मेसच्या हिशेबावर नजर ठेवणे, ही कामे तो करी. मागास जिल्ह्यांतून आलेल्या अर्जदारांना प्रवेशात मिळणारे वाढीव गुण १९८३ च्या आंदोलनानंतर बंद झाले होते. ते नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यार्थ्यांच्या रेट्यानेच परत आले होते. माझ्या शेजारच्या खोलीतला ओरिसाचा मुलगा म्हणे, ‘‘मी त्या गुणांवर इथे आलो.’’ हे सांगताना त्याला संकोच वाटत नसे, आणि मला सुरुवातीला त्याचेच नवल वाटे.

जुन्या कथा तर रोज कानांवर पडत. आणीबाणीत संघाचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी तुरुंगात गेले होते. हेच त्रिपाठी पुढे २०१२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, तेव्हा आमच्याकडच्या फारच थोड्या लोकांना त्यांचा हा पूर्वेतिहास ठाऊक होता. निवडणूक हरल्यावरही इंदिरा गांधी कुलपतिपदावर होत्या, म्हणून १९७७ मध्ये विद्यार्थी त्यांच्या निवासस्थानी मोर्चाने गेले. सीताराम येचुरी यांनी राजीनाम्याची मागणी त्यांच्या तोंडावर वाचून दाखवली, आणि पुढे त्यांनी ते पद सोडलेही. या गोष्टी सांगणाऱ्यांच्या आवाजात थोडी बढाई असे. वयच तसे होते.

मी कोणत्याच संघटनेत गेलो नाही. अण्णांना दिलेला शब्द पाळत होतो. आणि गंमत अशी, की त्या शब्दानेच मला गुंतवले. तिथल्या संघाच्या निवडणुका प्रशासन घेत नसे. विद्यार्थ्यांचेच एक निवडणूक मंडळ त्या घेत असे, आणि त्यासाठी कोणत्याही गटाची नसलेली माणसे हवी असत. अशी माणसे तिथे दुर्मीळच. १९९६ च्या निवडणुकीत माझे नाव कुणीतरी सुचवले आणि मला नाही म्हणता आले नाही. ‘भानगडीत पडायचे नाही’ या अटीत मोजणी बसते की नाही, याचा विचार मी सोयीस्करपणे पुढे ढकलला.

नेमके त्याच आठवड्यात अण्णा आले. गावच्या मंडळींबरोबर हरिद्वारला गेले होते. परतताना दोन दिवस माझ्याकडे उतरले. काय चालले आहे ते लपवणे शक्य नव्हते. डफ वाजत होते, घोषणा होत होत्या. अण्णांनी सगळे पाहिले आणि काहीच विचारले नाही. मला ते न विचारणेच टोचत राहिले.

मतदान कागदाच्या पत्रिकांवर होई आणि मोजणी रात्रभर चाले. काही शे मते मोजून झाली की आकडे बाहेर पुकारले जात. त्यावर बाहेरचा जमाव ओरडे किंवा एकदम शांत होई. उमेदवारनिहाय ढीग, पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या, गड्डीला रबर. पहाटे तीनच्या सुमारास माझ्याकडे एका प्रतिनिधीच्या जागेची मते होती. बेरीज झाली, तक्त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. पत्रिका पेटीत भरताना एका गड्डीचे रबर तुटले आणि मला दिसले, की ती संपूर्ण गड्डी दुसऱ्याच उमेदवाराची आहे. मीच ती चुकीच्या ढिगावर ठेवली होती. पंचवीस मते इकडची तिकडे म्हणजे पन्नासाचा फरक, आणि निकाल एकतीस मतांचा होता. उमेदवारांचे प्रतिनिधी पेंगत होते. कुणाच्याही लक्षात आलेले नव्हते.

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो. त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय काय आले, ते सारे लिहिण्याचे धैर्य आजही माझ्यात नाही. एवढे सांगतो, की गड्डीला दुसरे रबर लावून मी बाहेर पडलो होतो. गवतावर अण्णा घोंगडी पांघरून बसले होते. झोप येईना म्हणून आलो, म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच विचारले,

‘‘आत मोजनारी मानसं कुनाची हायती?’’

‘‘कुणाचीच नाहीत, अण्णा. आम्हीच मोजतोय.’’

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आमाला कुनी कंदी इचारलंच न्हाई, कंची युनियन पायजे म्हून. चिठ्ठी टाका म्हनलं न्हाई. मोजाय काय आसंल मग?’’

मुंबईच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रतिनिधी संघटना मानली जात असे, आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिचाच. कोणती, हे गुप्त मतदानाने ठरवण्याची सोय त्यात नव्हती. तो कायदा हटवा, ही ब्याऐंशीच्या संपातली एक मागणीच होती. हे मी पुस्तकांत वाचले होते, टिपणेही काढली होती. अण्णांच्या गप्पपणाशी त्याचा काही संबंध असेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. चौदा वर्षे मी समजत होतो, की ते युनियनवर रागावले आहेत.

मी आत गेलो आणि प्रमुखाला सांगितले. पुढचे दोन तास वाईट गेले. जिंकलेल्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. हरलेल्यांनी, ज्यांचा फायदा होणार होता त्यांनीही, ‘आणखी किती गड्ड्या?’ असे विचारले, आणि ते रास्तच होते. ध्वनिक्षेपकावरून चूक आणि चूक करणाऱ्याचे नाव पुकारले गेले. त्या जागेची सगळी मते पुन्हा मोजली. निकाल एकोणीस मतांनी उलटला. उजाडताना जागा गमावलेल्या मुलीने माझ्यापुढे चहाचा ग्लास सरकवला, पण ती माझ्याशी बोलली नाही. पुढे वर्षभर बोलली नाही.

या पद्धतीची वाखाणणी पुढे सरकारदरबारीही झाली. विद्यार्थी निवडणुकांचे नियम ठरवणाऱ्या लिंगडोह समितीने २००६ च्या अहवालात या विद्यापीठाचा दाखला दिला. आणि त्याच समितीचे नियम पाळले जात नाहीत म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्याच निवडणुकांना स्थगिती दिली! त्या २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. २०१९ नंतर पुन्हा खंड पडला, तो २०२४ पर्यंत. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली खरी, पण मुहूर्त लांबतच राहिला. पहिला आलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी होणे किती सुखाचे असते, हे मी अनुभवाने जाणतो. त्यात हरणारा कुणी नसतो, आणि कुणाला जाबही द्यावा लागत नाही.

३१ मार्च १९९७ रोजी बिहारमधील सिवान येथे चंद्रशेखर प्रसाद यांची भर चौकात गोळ्या घालून हत्या झाली. ते दोनदा संघाचे अध्यक्ष राहिले होते आणि विद्यापीठ सोडून आपल्या गावाकडे काम करायला गेले होते. मी नवखा असताना मेसमध्ये त्यांनी माझे नाव विचारले होते, आणि दुसऱ्यांदा भेटल्यावर त्या नावाने हाक मारली होती. माझी त्यांची ओळख तेवढीच. ती बातमी आली त्या रात्री मेसमध्ये पत्रके आली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दिल्लीत मोर्चे निघाले. मी त्यांत गेलो. दिलेला शब्द मोडला, असे मी अण्णांना पत्राने कळवलेही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. पोस्टकार्डावर अण्णांचे चौथीपर्यंत शिकलेले, सुटे सुटे अक्षर. आईची तब्येत बरी आहे. वैरण महाग झाली. पेपरात त्या पोराचा फोटो पाहिला. जपून राहणे. आणि पत्ता लिहायच्या बाजूला, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, आडवे करून लिहिलेली एक ओळ : यंदा मोजायला हाईस का?