बुधवार नसलेली राज्यं

राखेच्या बुधवाराआधीच्या शनिवारी पणजीत कार्निव्हलचा राजा किंग मोमो अवतरतो, खा, प्या, मजा करा असं फर्मान काढतो आणि मंगळवारपर्यंत राज्य करतो. त्याच्या चित्ररथांची मिरवणूक 1965 पासूनची. गावोगावचं इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, त्याहून पुष्कळ जुनं. मुकुट चढवतानाच मोमोला ठाऊक असतं की बुधवारी तो उतरवायचा आहे. या उत्सवातली सगळ्यांत शहाणी गोष्ट मला हीच वाटते.

पेडणे, डिचोलीला कार्निव्हल तसा लांबचाच. हे महाल नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले. इथली धुंदी शिगम्याची. डिचोलीकडे घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार परजत तरुण नाचतो, तेवढा वेळ तो सरदार. पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी राजा उभा राहतो. लिहिलेली संहिता नाही. मृदंग, पायपेटी, झांज यांच्या साथीने संवाद तिथल्या तिथे सुचतात. पहाटे दहीकाला होतो, रंग पुसला जातो, मुकुट पेटाऱ्यात जातो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं या नटांबद्दल म्हणतात. पण बागायतीत राबणारा हा माणूस रात्री कोण होता, हे अख्ख्या गावाला माहीत असतं.

मोबाइलच्या ॲपवर लाइव्ह येऊन प्रेक्षकांवर राज्य करणाऱ्या राजांचं दुःख मला इथे उमगतं. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं, थेट प्रक्षेपणाचं बिगो लाइव्हही होतं. कितीतरी मुलामुलींचे प्रेक्षक एकाएकी नाहीसे झाले. बंदी आली नसती तरी पडद्याच्या कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा कधीतरी उतरलाच असता, भेटीदाखल येणारी नाणी आटलीच असती. नवा चेहरा दिसला की बघणारे तिकडे वळतात. या राज्यांना बुधवार नेमून दिलेला नाही. कधी थांबायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून पोरं रात्र रात्र कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि उतरणीला लागतात ती एकेकटी, दार लावलेल्या खोलीत.

आता दशावतारही यूट्यूबवर थेट दिसतो. मुंबईतल्या, आखातातल्या पेडणेकरांना गावची जत्रा घरबसल्या पाहता येते, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी त्या नटाची वाटते. त्याचा पेटारा पहाटे बंद होतो, पडद्यावरची रात्र मात्र चालूच राहते. तिच्याखाली दिवसभर शेरे पडत राहतात, आणि ते लिहिणाऱ्या अनेकांनी त्याला बागायतीत कधी पाहिलेलंच नसतं.