पडकई

'व्यवस्थापन' हा शब्द मराठीत आला तो तसा उशिरा, आणि आला तोही गळ्यात टाय बांधून. तो येण्यापूर्वी आपली कामे अडत होती असे नाही. लग्ने होत होती, जत्रा भरत होत्या, विहिरी खणल्या जात होत्या. या साऱ्याला आपण एक साधे घरगुती क्रियापद वापरीत होतो, ते म्हणजे 'सांभाळणे'. पाहुणे सांभाळायचे, आचारी सांभाळायचा, रुसलेले मामा सांभाळायचे. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याला शब्दांची अशी उलटतपासणी घेण्याची खोड असते, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

आमच्या एका आत्याने ऐन लग्नात आचारी भांडून निघून गेला असता दोनशे पानांची पंगत उठवून दाखवली होती. तिने चार घरी निरोप धाडले आणि चारही घरच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर झाल्या. सगळे तिच्या प्रसंगावधानाची तारीफ करू लागले. मला मात्र वाटले, आत्याने त्या दिवशी विशेष असे काही केलेच नाही. जे करायचे ते तिने आधीच्या वीस वर्षांत केले होते. त्या चार घरांतील बाळंतपणे, आजारपणे, बारशी यांत ती न बोलावता जाऊन बसली होती. त्या साठ्यातूनच तिने त्या दिवशी उचल केली.

पंगतीचे ठीक आहे. बेत फसला तर जेवण तासभर लांबते. पण जिथे माणसांचे जीव जातात, गावच्या गाव नाहीसे होते, तिथेही हाच हिशेब चालतो का? मी ज्या भागात नोकरी करतो त्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांनी मला हा प्रश्न विचारायला लावला.

एकदा वर्गात मी मुलांना घरी बोलले जाणारे आणि पुस्तकांत न सापडणारे शब्द लिहून आणायला सांगितले. आंबेगावच्या पश्चिम भागातील एका मुलाने वहीत पहिलाच शब्द लिहिला होता, 'पडकई'. मी अर्थ विचारला, तेव्हा तो म्हणाला, "सर, डोंगर फोडून भाताची खाचरं करायची, पण एकट्यानं नाही." तिकडच्या महादेव कोळी वस्त्यांत ही जुनी रीत आहे. पाच-दहा कुटुंबे एकत्र येतात, उतार फोडतात, दगड रचून बांध घालतात. आज एकाच्या जमिनीवर, मग पाळीपाळीने दुसऱ्याच्या. रोख मजुरी नाही. तू माझ्याकडे आलास, मी तुझ्याकडे येणार, एवढाच करार, तोही तोंडी.

या रीतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक अडचण. गटातील सगळ्यांचे एकमेकांशी पटतेच असे थोडेच असणार? तरीही ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याही बांधावर दगड वाहायला जावे लागते. म्हणजे भातखाचराबरोबर आणखीही एक पीक निघते. न पटणाऱ्या माणसासोबत काम करण्याची सवय! पुढे हा शब्द सरकारी योजनेत गेला आणि त्या उतारांवर यंत्रेही आली. यंत्राने दिवसाचे काम तासात होते, हे खरेच. पण यंत्राला पाळी नसते आणि परतफेडही नसते.

याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे दगावली. अतिवृष्टी हे तर कारण होतेच. उतारांच्या सपाटीकरणाविषयीही जाणकारांत पुष्कळ वाद झाले. त्या वादात मी पडत नाही. माझे लक्ष जाते ते दुसऱ्याच एका गोष्टीकडे. या अनर्थाची खबर बाहेर गेली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. गाडी घेऊन तो आला आणि जिथे गाव दिसायला हवे तिथे त्याला नुसता चिखल दिसला. आता, गाव नाही हे कोणाला कळते? गाव कुठे होते हे ज्याला ठाऊक असते त्याला! परक्या माणसाने तो एक खचलेला डोंगर म्हणून पाहिला असता आणि गाडी वळवून घेतली असती.

मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, यंत्रे आली, भर पावसात आठवडाभराहून अधिक काळ शोध चालला. अशा ठिकाणी यंत्र कितीही बलवान असो, कोणते घर कुठे होते आणि त्या वेळी घरात कोण असेल, हे सांगायला शेजारीच लागतो. आणि चिखलाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या नातलगाला "तुम्ही जरा बाजूला व्हा" हे कोणत्या आवाजात सांगायचे, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

पुढचे काम त्याहून अवघड होते. पुनर्वसन! कागदावर हा एक प्रकल्प असतो. जागा, आराखडा, ठेकेदार, मुदत. माळीणच्या वाचलेल्या माणसांनी तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढले आणि जवळच्याच आमडे येथे वसवलेल्या नव्या गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. मध्ये दोन वर्षे आठ महिने गेले. या मधल्या काळाचा विचार करू लागलो की माझे मन अडखळते. बांधकाम चालू असते तेव्हा साहेबाजवळ सांगायला काही असते. पण फाइल अडली, मोजणी लांबली, सांगण्यासारखे काहीच उरले नाही, तेव्हाही त्या निवाऱ्यापर्यंत जाऊन "अजून काही झालेले नाही" एवढेच सांगणे, ही खरी कसोटी. त्यातून अधिकाऱ्यांची बदली होते. नवे साहेब येतात आणि दुखावलेल्या माणसाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते, ओळख जात नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पहिलाच मोठा पाऊस झाला आणि नव्या गावात भराव वाहून गेला, रस्ते खचले, भेगा दिसल्या. वर्तमानपत्रांतून खर्चाचे आकडे विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण डोंगराखाली आपली माणसे गमावलेल्या घरात त्या रात्री कोणता प्रश्न असेल? दिवा मालवून झोपावे की नाही, हाच. दुरुस्त्या पुढे झाल्या. भिंतीची भेग सिमेंटने बुजते. जिने एकदा डोंगर खाली येताना पाहिला आहे अशा बाईला "आता भीती नाही" हे पटायला सांगणाऱ्याचा चेहरा आधीपासून ओळखीचा असावा लागतो.

माळीणनंतर २०२१ मध्ये महाडजवळ तळिये झाले, २०२३ मध्ये खालापूरजवळ इर्शाळवाडी झाली. प्रत्येक वेळी आपण तत्परतेच्या गोष्टी बोलतो. पथक किती तासांत पोहोचले, मदत किती मिळाली. त्या बोलायलाच हव्यात. पण त्याबरोबर आणखीही विचारावे असे मला वाटते. पाऊस लागण्यापूर्वी, कोरड्या वैशाखात, त्या वाडीवर कोण गेले होते? तलाठ्याला तिथली किती माणसे नावाने ठाऊक होती? आणि वाडीवरच्या माणसाला रात्री दोन वाजता हाक मारावी असे तालुक्याच्या गावी कोण होते?

वर्गातील त्या मुलाला मी नंतर विचारले, "पडकईला एखादा आलाच नाही तर त्याला दंड काय?" तो थोडा गोंधळला. असा प्रश्न त्याला कोणी केला नसावा. मग म्हणाला, "दंड नाही सर. पण आपण जातो त्याच्या घरी बघायला, काय झालं म्हणून."